बार्बेक्यूचं चिकन बाहेरून काळं आणि हाडाशी कच्चं का राहतं? गच्चीवर कोळशावर भाजायची आणि धुरी द्यायची पूर्ण पद्धत

एकतीस डिसेंबर जवळ आला की मला ठरलेले फोन येतात. एकदा तर भाच्याने सोसायटीच्या गच्चीवरून थेट व्हिडीओ कॉलच लावला, मागे सगळी मंडळी ताटं घेऊन बसलेली आणि हा मला कॅमेऱ्यात तंगडी दाखवतोय, "मामा, बाहेरून पार काळी झालीये आणि आत लालच आहे, आता काय करू?" आता काय करणार, कढईत टाक आणि रस्सा कर.

त्यानंतर लोक काय करतात तर मसाला बदलतात. अरे पण मसाल्याने काही केलेलंच नसतं. घोळ विस्तवाचा असतो, जाळ दिसतोय तोवरच चिकन चढवतात आणि मग ते जाळाच्या डोक्यावर तासभर ठेवतात. भाजायचं निखाऱ्यावर, आणि बराचसा वेळ तर निखाऱ्याच्या बाजूला. एवढं जमलं की बाकी सगळं जमतं, म्हणून खालचं बहुतेक सगळं विस्तवाबद्दलच आहे.

हिशोब ८ फुल लेग पीसचा धरलाय, म्हणजे तंगडी आणि मांडी एकत्र, साधारण २ किलो. भांडं म्हणजे झाकणवाली गोल बार्बेक्यू, ५७ सेंटिमीटरची. झाकण नसलेल्या उघड्या शेगडीवर टिक्का होतो, कबाब होतात, पण धुरी देता येत नाही आणि हाडासकटचे मोठे पीस तर सोडाच.

१. जागा आणि सामान

उघडी गच्ची, अंगण, शेताचा बांध, काहीही चालेल, पण डोक्यावर आभाळ पाहिजे. काचा लावून बंद केलेली बाल्कनी नको, पावसात जिन्यात नको, "दार उघडं ठेवतो की" म्हणून किचनमध्ये तर अजिबात नको.

थांबा: निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं, लालबुंद आणि अजिबात धूर नसलेला निखाराही हा वायू सोडतच असतो. थंडी वाजते म्हणून उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत आणायचं तर मनातही आणू नका.

सामान असं: लांब चिमटा, चामड्याचे हातमोजे, लाकडी कोळसा साधारण दीड-दोन किलो, चिमणी (दोन्ही बाजूंनी उघडं लोखंडी नळकांडं, आत जाळी, बाहेर मूठ), एक पसरट ट्रे, पाण्याची बादली, वाळू किंवा मातीचं घमेलं, आणि मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटरवर लोक पैसे वाचवतात आणि मग तेवढ्याच पैशाचं चिकन फुकट घालवतात.

कोळसा लाकडाच्या वखारीत मिळतो, इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो कुठून आणतो तेही सांगेल. वाजवून बघा, चांगला कोळसा हलका असतो आणि एकमेकांवर आपटला की खणखण वाजतो. बद्द वाजला तर ओलसर आहे किंवा नीट जळलेला नाही. पिशवीच्या तळाचा चुरा बाजूला काढा, तो हवेच्या वाटा बुजवतो. दगडी कोळसा जेवणासाठी नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी नाही.

आणि जाळीचं सांगतो कारण हे मी स्वतः केलंय. मूळ जाळी गंजली म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत तारेची जाळी कापून आणली होती. ती जस्ताचा मुलामा दिलेली असते, खूप तापली की त्याची विषारी वाफ निघते. शेजारच्या काकांनी वेळेवर ओळखलं म्हणून बरं. जुन्या फ्रिजमधली जाळीही नको, तिच्यावर कसला थर असतो कोण जाणे. स्टेनलेस किंवा साधं लोखंड, बस्स.

२. चिकन आदल्या रात्री

दुकानात आधीच सांगून ठेवा की स्किनसकट पाहिजे, नाहीतर आपल्याकडे सवयीने सोलूनच देतात. स्किन असली की आतला रस टिकतो आणि धूरही छान धरतो. नाहीच मिळालं तर बिनस्किनचं घ्या पण मग तेल जास्त लावा आणि दहा मिनिटं लवकर तपासायला लागा.

घरी आणलं की धुवत बसू नका, सिंकभर शिंतोडे उडतात आणि कच्च्या चिकनवरचे जंतू ओट्यावर जातात. कागदी नॅपकिनने कोरडं पुसा. मग मीठ, २ किलोला २४-२५ ग्रॅम म्हणजे सपाट ४ छोटे चमचे. सगळीकडून चोळा, स्किनच्या खालीसुद्धा बोट घालून, आणि ताटात जाळीवर मांडून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, झाकण न लावता. मीठ आधी पाणी बाहेर काढतं आणि मग तेच खारं पाणी हळूहळू आत मुरतं, स्किन तेवढ्यात सुकते. सकाळी हात लावला तर कागदासारखी लागली पाहिजे.

मसाला भाजायच्या दोनेक तास आधी लावा आणि परत फ्रिजमध्ये ठेवा. तेल, तिखट, हळद, धनेपूड, भरडलेली मिरी, लिंबू थोडंसं. दहीच हवं असेल तर चक्का घ्या आणि पातळ थर द्या, कारण सैल दह्याचा जाड लेप जाळीला चिकटतो, सुटताना स्किन घेऊन सुटतो आणि ओला असेपर्यंत चिकन नुसतं वाफवत राहतं. आलं-लसणाचं वाटण लावलंत तर चढवण्याआधी बोटाने निपटून काढा, लसूण पहिला जळतो आणि कडू होतो. साखर, गूळ, मध यातलं आत्ता काहीच नाही.

कच्ची पपई चिकनला लावू नका. मटणाला ठीक आहे, तीसुद्धा थोडी आणि तास-दोन तासच. रात्रभर लावलेलं मांस मऊ होत नाही, त्याचा भुगा होतो.

तपासा: मसाला लावलेलं चिकन "रूम टेंपरेचरला येऊ दे" म्हणून दुपारभर बाहेर राहिलेलं नाही ना? आपल्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर नाहीच.

३. कोळसा पेटवणं

चिमणी काठोकाठ भरा. खाली वर्तमानपत्राचे दोन-तीन सैल बोळे, त्यावर चमचाभर खायचं तेल शिंपडा, तेलाने कागद बराच वेळ जळतो. काडी लावा आणि बाजूला व्हा. सुरुवातीला दाट पांढरा धूर येईल, शेजारचे डोकावतील, येऊ दे. पंधरा-वीस मिनिटांनी धूर विरतो, वरच्या कोळशाच्या कडा राखाडी होतात आणि आत बघितलं तर केशरी दिसतं. आता तयार.

रॉकेल नाही, पेट्रोल तर नाहीच नाही. रॉकेलचा वास चिकनला लागतो आणि मग कितीही लिंबू पिळलं तरी जात नाही, पेट्रोलने भुवया जातात हे कमीत कमी. चिमणी नसेल तर सुक्या नारळाच्या दोन-तीन करवंट्या खाली घालून कोळशाचा ढीग रचा, करवंटी फुरफुरून पेटते. पण तिचा धूर काजळीचा असतो म्हणून ती पूर्ण जळून जाईपर्यंत वर काही ठेवायचं नाही.

इथे घाई होतेच. पाहुणे आलेले असतात, कोणीतरी विचारतं "झालं का", आणि माणूस अर्धवट पेटलेल्या कोळशावर चिकन चढवतो. माझ्या साडूने तर एक्स्टेंशन ओढून टेबलफॅन लावला होता, कणीसवाला पंखा मारतो ना, तसं. कणसाला ते चालतं, ते पाच मिनिटांत उतरतं. इथे फॅनने निखारा असा भडकला की खालची सगळी राख उडून चिकनवर बसली, आम्ही आठही पीस नळाखाली धुतले आणि साडूला उरलेली संध्याकाळ नुसते कांदे कापायला बसवलं.

४. निखारे एका बाजूला, चिकन दुसऱ्या बाजूला

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच लोक सोडतात. निखारे तळभर पसरायचे नाहीत. चिमणी एका बाजूला ओता, साधारण अर्ध्याहून थोडा कमी भाग व्यापेल असा ढीग करा. उरलेल्या रिकाम्या बाजूला तळाशी ट्रे ठेवा आणि त्यात दोन बोटं गरम पाणी घाला. या ट्रेमध्ये चरबी गळते त्यामुळे भडका उडत नाही, आणि पाणी उष्णतेचे चढउतार जरा सांभाळून घेतं.

वर जाळी ठेवा, झाकण लावा, पाच-सात मिनिटं तापू द्या, मग ब्रशने घासा आणि तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं चिमट्यात धरून.

तपासा: तळवा जाळीच्या वर वीतभर धरा. निखाऱ्याच्या बाजूला दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला पाहिजे, रिकाम्या बाजूला सहा-सात सेकंद सहज टिकला पाहिजे. दोन्हीकडे सारखंच लागत असेल तर निखारे पसरलेत, परत गोळा करा.

५. हवा

झाकणवाल्या बार्बेक्यूला गॅसच्या बटणाच्या जागी दोन झरोके असतात, एक तळाला एक झाकणाला. खालून हवा आत जाते, वरून धूर बाहेर पडतो. वरचा कायम उघडा आणि झाकण असं फिरवा की तो झरोका चिकनच्या डोक्यावर येईल, म्हणजे धूर निखाऱ्याकडून निघून चिकनवरून जाऊन मग बाहेर पडेल. आच कमीजास्त करायची ती खालच्या झरोक्याने.

चिकनला आत १६० ते १८० अंश हवेत. परदेशी व्हिडीओ बघून लोक ११० अंशांवर तीन तास ठेवतात आणि मग स्किन रबरासारखी चावत बसतात. ती मंद आच कशासाठी असते ते पुढे सांगतो, तंगडीसाठी नाही.

झरोका थोडासा हलवला की दहा मिनिटं वाट बघा. परिणाम लगेच दिसत नाही म्हणून माणूस अजून हलवतो, मग अजून, आणि पंधरा मिनिटांनी २३० अंश. वरचा झरोका बंद करून आच कमी करायची ही तर हमखास चूक, धूर आत कोंडतो आणि चिकनवर काळपट कडू थर बसतो, जिभेला किंचित बधिर लागतं ते त्याचंच.

६. धुराचं लाकूड

आपल्याकडे आंबा सगळ्यात भरवशाचा. पेरू, चिकूही छान, बाभळीचा धूर जरा उग्र असतो, थोडाच वापरा. हिकरी आणि ॲपलवूडची पाकिटं ऑनलाइन महाग मिळतात, घ्यायची तर घ्या, पण अंगणातल्या आंब्याची छाटलेली फांदी वर्षभर सुकवली तर तेवढंच काम करते. फांदी हाताने मोडली तर कडकन तुटली पाहिजे, वाकली म्हणजे अजून ओली.

मुठीएवढे दोन तुकडे पुरतात. दोनच, खरंच. चिकन धूर पटकन धरतं.

लाकूड पाण्यात भिजवायचं असं सगळीकडे सांगतात. नका भिजवू. पाणी आत जेमतेम शिरतं, त्यामुळे आधी नुसती वाफ निघते आणि निखारे थंड होतात, धूर काय तो पाणी उडाल्यावरच. कोरडा तुकडा ढिगाच्या कडेला ठेवा म्हणजे तो भडकून न पेटता धुमसेल.

थांबा, हे लाकूड कधीच नको:
- कण्हेर. अख्खं झाड विषारी, धूरसुद्धा. तिच्या काडीला मांस टोचून भाजायचंही नाही.
- बिब्बा, आणि काजूची टरफलं. कोकणात टरफलं चुलीत जातात हे मला माहितीये, पण त्यातलं तेल कातडी भाजणारं असतं, तो धूर खाण्यावर नको.
- पाइन, देवदार, पॅकिंगची खोकी. राळेचा धूर, काजळी.
- प्लायवूड, रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं जुनं फर्निचर.

आता धुराचा रंग बघायचा. तुकडा टाकल्यावर सुरुवातीला झाकणातून दाट पांढरे लोट येतात, तेव्हा चिकन चढवू नका. पाचेक मिनिटांत धूर पातळ होतो, उजेडाकडे धरून बघितला तर किंचित निळसर, जेमतेम दिसणारा. तोच हवा. फोटोत भारी दिसतो तो पांढरा लोट, पण खायला कडू.

७. चढवा आणि झाकण लावा

पीस रिकाम्या बाजूला मांडा, स्किन वर, जाड मांडीचा भाग निखाऱ्याकडे आणि तंगडीचं बारीक टोक लांब. मध्ये बोटभर जागा सोडा. झाकण लावा, घड्याळ बघा आणि २५ मिनिटं हात खिशात ठेवा.

दर पाच मिनिटांनी उघडून बघायची खाज सगळ्यांना असते, मलाही आहे. पण झाकण उघडलं की आतली धग जाते आणि त्याच वेळी भरपूर हवा मिळाल्यामुळे निखारा भडकतो, म्हणजे चिकन थंड आणि कोळसा फुकट. २५ मिनिटांनी एकदा उघडा, पीस आपापसात जागा बदलून लावा, परत झाकण. एकूण पाऊण तास ते तास धरा.

आता थर्मामीटर. आधी तो खरं बोलतो का ते बघून ठेवलेलं असू दे. बर्फ घातलेल्या पाण्यात ० यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात मुंबईला १०० येईल, पुण्यात ९८ च्या आसपास येईल कारण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तेव्हा यंत्र खराब म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

मांडीच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका नाहीतर आकडा चुकतो. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित. पण लेग पीस तिथे थांबवू नका, ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्या, मांडीतले चिवट पडदे तेव्हा कुठे विरघळतात आणि मांस हाडावरून सुटतं. ब्रेस्टचं उलटं, ते ७४ लाच काढा, नाहीतर पोह्यासारखं कोरडं.

धुरीच्या चिकनमध्ये कधीकधी स्किनखाली गुलाबी पट्टा दिसतो, पाहुण्यांपैकी एकजण तरी "कच्चंय" म्हणतोच. तो धुरातल्या वायूंमुळे येतो. रंगावर जाऊ नका, आकड्यावर जा. हाच नियम उलटाही लागू, पांढरं दिसतंय म्हणून शिजलं असं नाही.

८. शेवटचा चटका

आकडा ७८-८० ला आला की पीस थेट निखाऱ्यावर घ्या, स्किन खाली, झाकण उघडं, आणि तुम्ही तिथून एक मिनिटही न हलता. दोन-तीन मिनिटांत स्किन चुरचुरीत होते. गोड सॉस, गूळ-चिंच, मध काय असेल ते आत्ता लावायचं, शेवटच्या पाचेक मिनिटांत.

भडका उडाला तर पाणी मारू नका, वाफेबरोबर राख उडते. पीस रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा, हवा तुटली की जाळ बसतो.

तपासा: ब्रश ज्या वाटीत बुडवताय ती कच्च्या चिकनच्या मसाल्याची तर नाही ना? तोच वापरायचा असेल तर आधी खळखळून उकळून घ्या. आणि काढायला ताट नवीन, कच्चं आणलं होतं ते नाही.

उतरवल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. वर फॉइल घट्ट लावलं तर स्किन परत मऊ पडते, म्हणून उघडंच.

मटण किंवा पोर्क करायचं असेल तर

मंद आच ती यासाठी. दीड किलोचा मटणाचा खांदा किंवा पोर्क शोल्डर ११० ते १२५ अंशांवर, चार-सहा तास, कधी जास्त. मांस ६५-७० अंशांना पोचलं की काटा अडकतो, तासभर हलतच नाही, आणि लोक घाबरून कोळसा वाढवतात. वरून पाणी उडत असतं म्हणून ते थंड राहतं, आपल्याला घाम येतो तसं. तेव्हा केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा आणि परत ठेवा, ९२ च्या आसपास सुरी लोण्यात जावी तशी जाते. तासातासाने पेटलेले आठ-दहा कोळसे घालत राहा, काळे कच्चे नाहीत.

आपलं बोकडाचं मटण चरबीला कमी असतं हे लक्षात ठेवा. टेक्सासच्या व्हिडीओत बारा तास ठेवतात तो ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, चरबीदार असतो, ते टायमिंग इथे लावलं तर चप्पल होते. दीड-दोन तास धूर द्या, मग गुंडाळताना दोन चमचे तूप घाला.

आणि नुसता थंड धूर देऊन मांस टिकवायचं, ते घरी नको. कोमट धुरात तासन्‌तास राहिलेलं कच्चं मांस म्हणजे जंतूंना आमंत्रण, त्यासाठी खारवण्याचं वेगळं शास्त्र लागतं.

आवरताना

दोन्ही झरोके बंद, झाकण लावा. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेले तुकडे पुढच्या वेळी वापरता येतात. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काढू नका, वरून गार दिसते आणि आत निखारा जिवंत असतो, आमच्या सोसायटीत प्लॅस्टिकची कचऱ्याची बादली अशीच वितळली होती. काढलीत तरी लोखंडी घमेल्यात, वर पाणी मारून.

जाळी मात्र गरम असतानाच अर्ध्या कांद्याने घासून टाका, चिमट्यात धरून. उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन दिवस टिकतं, हाडावरून सोडवून सकाळी कांदा-मिरचीत परता आणि भाकरीबरोबर घ्या.